चौघांची टीम, एक हेडसेट, ४८ तास: गेम जॅममध्ये व्हीआर गेम कसा उभा करायचा?

प्रश्न असा आलाय: "आम्ही सोलापुरातले चौघं, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. जानेवारीअखेरीस ४८ तासांच्या गेम जॅममध्ये (दिलेल्या थीमवर ठरलेल्या वेळात गेम बनवायचा उपक्रम) उतरतोय आणि व्हीआर (हेडसेट घालून आभासी जगात खेळायचा) गेम करायचा विचार आहे. दोघांना युनिटी (गेम बनवायचं इंजिन) येतं, एकीला ब्लेंडर (थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर), एक जण आवाज आणि संगीत बघतो. ओळखीतून एक क्वेस्ट २ हेडसेट मिळणार आहे. लॅपटॉप दोन, ग्राफिक्स कार्ड एकालाच. डोक्यात गड्ड्याची जत्रा आहे: खेळणारा होम मैदानावर फिरेल, आकाशपाळण्यात बसेल, गर्दीतून वाट काढेल. जमेल का?"

फिरणं, पाळण्यात बसणं आणि गर्दी, या तीन गोष्टी ४८ तासांत जमणार नाहीत. जत्रा जमेल. कशी ते सांगतो, जरा लांबण लागेल.

आधी पाळणा. व्हीआरमध्ये खेळणाऱ्याचं डोकं हाच कॅमेरा. कोडने तो कॅमेरा वर-खाली नेलात की डोळे सांगतात आपण चाललोय, आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की छे, जागेवरच उभे आहोत. या भांडणात पोट ढवळतं. खऱ्या पाळण्यात आरडाओरडा करत मजेत बसणारी माणसंसुद्धा इथे पांढरी पडतात. जॅममध्ये तर याचा दुहेरी फटका बसतो, कारण दिवसभर टेस्ट करणारे तुम्हीच. एकदा मळमळायला लागलं की तो माणूस पुढचे काही तास हेडसेट घालायच्या लायकीचा राहत नाही. चौघांतले दोघं असे आडवे झाले की संपलंच. जॉयस्टिकने सरकत चालणं हाही त्याच जातीचा त्रास, फक्त थोडा सौम्य.

"मग टेलिपोर्ट देऊ", म्हणजे न चालता एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी, असं कुणीतरी म्हणेलच. टेलिपोर्टने पोट शांत राहतं, पण ब्लेंडरवालीचं काम दसपट होतं. खेळणारा जिथे जिथे जाऊ शकतो तिथून दिसणारं सगळं बनवावं लागतं, दुकानांच्या मागच्या बाजूसकट.

गर्दीचं गणित वेगळं. क्वेस्ट २ म्हणजे तोंडावर बांधलेला मोबाईलच आहे. आत स्नॅपड्रॅगन एक्सआर२ चिप, आणि तिने दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं काढायची, प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला १८३२ बाय १९२० पिक्सेल. ७२ हर्ट्‌झवर, म्हणजे सेकंदाला ७२ चित्रं काढत, चालवलं तरी एका चित्राला (फ्रेमला) १३.९ मिलिसेकंद मिळतात. साध्या गेममध्ये फ्रेम चुकली तर चित्र अडखळतं. इथे डोकं वळलं आणि जग मागे राहिलं असं होतं, म्हणजे पुन्हा मळमळ. हाडं लावलेली, हातपाय हलवणारी शंभर माणसं या चिपवर त्या वेळात बसवणं हे जॅमचं काम नव्हे.

आता काय उरतं? एका जागी उभा असलेला माणूस आणि त्याचे दोन हात. व्हीआर जॅममध्ये मी लोकांना पहिला प्रश्न हाच विचारतो: तुमच्या गेममध्ये हात नक्की काय करतात, ते मला हवेत करून दाखवा. गोष्ट नको, पात्रं नकोत. हवेतली कृती बघून समोरच्याला दहा सेकंदांत कळलं की हा काय करतोय, तर गेम होईल. "तो आधी इकडे जातो, मग तिकडे एक माणूस भेटतो" असं सुरू झालं की समजायचं, हा गेम रविवारी दुपारी अर्धवट असणार.

जत्रेत अशी कृती शोधायला लांब जायला नको. फुगे फोडायचा स्टॉल. समोर लाकडी कट्टा, कट्ट्यावर छऱ्याची बंदूक, पलीकडे फळीवर रांगेने लावलेले फुगे. खेळणारा मुळातच एका जागी उभा असतो, कट्टा त्याला पुढे जाऊ देत नाही, आणि काय करायचं हे सोलापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. शेजारच्या रिंग टाकायच्या स्टॉलचा मोह होईल, पण तो टाळा. व्हीआरमध्ये नेम धरून फेकणं हे दिसतं त्याहून फार अवघड आहे. हातात वजन नसतं, त्यामुळे वस्तू नेमकी कधी सोडायची हे मनगटाला कळत नाही. शिवाय सोडण्याच्या क्षणी हातातल्या कंट्रोलरचा वेग मागच्या काही फ्रेममधून सरासरी काढून ठरवावा लागतो आणि ते जुळवण्यात रात्र जाते. ट्रिगर दाबणं मात्र पहिल्या खेपेलाच जमतं.

थीमची काळजी करू नका. जॅममध्ये थीम सुरुवातीलाच जाहीर होते, त्यामुळे आतापासून गोष्ट पक्की करून ठेवण्यात अर्थ नाही, पण हाताची कृती ठरवून ठेवता येते. ग्लोबल गेम जॅमच्या गेल्या काही थीम घेऊन बघा. २०२३ ला 'रूट्स' होती, २०२४ ला 'मेक मी लाफ', २०२५ ला 'बबल'. 'बबल'ला तर फुगेच साबणाचे करा, एक फुटला की आतून दोन निघतात. 'मेक मी लाफ'ला स्टॉलवाला फुग्यांमागून टोमणे मारतो आणि तुम्ही नेम चुकलात की त्यालाच हसू फुटतं. 'रूट्स'ला फळीऐवजी वडाच्या पारंब्या, आणि चुकीची पारंबी तुटली की वरचं झाड कलतं. तिन्हीकडे कट्टा तोच, बंदूक तीच. घरी बसून अशाच जुन्या थीम घ्या आणि प्रत्येकीवर पाच मिनिटांत काय सुचतं ते लिहा. सरावाला याहून चांगला प्रकार नाही.

आता बंदूक, कारण तुमचा गेम म्हणजे ती बंदूकच आहे.

पहिली गोष्ट, ती उचलायला लावू नका. कट्ट्यावरून बंदूक उचलणे, दुसऱ्या हाताने पुढे धरणे, सोडणे, पुन्हा धरणे, या प्रत्येक पायरीत बग असतात. बंदूक सुरुवातीपासून उजव्या हाताला चिकटलेली ठेवा (डावखुऱ्यांसाठी एक बटण). डाव्या हाताचं काम एकच: नळीची दिशा ठरवणं. मागच्या हाताकडून पुढच्या हाताकडे जी रेघ जाते, तीच नळी. कोडमध्ये ही एक ओळ आहे, पण तिने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एका हाताने धरलेली नळी मनगटाच्या बारीक थरथरीबरोबर हलते. तीन मीटरवरच्या फळीवर एका अंशाची चूक म्हणजे पाच सेंटिमीटर, आणि तुमचा फुगा असेल वीसेक सेंटिमीटरचा. दोन हातांमध्ये फूटभर अंतर आलं की तीच थरथर बरीचशी विरते.

दुसरी गोष्ट, छर्रा खरा उडवू नका. सेकंदाला शंभर मीटर वेगाचा छर्रा युनिटीच्या मूळ ०.०२ सेकंदांच्या फिजिक्स पायरीत दोन मीटर उडी मारतो. एका पायरीत फुग्याच्या अलीकडे, पुढच्या पायरीत पलीकडे, आणि फुगा शाबूत. मग दोघं कोडवाले मध्यरात्री कोलायडर (टक्कर ओळखणारे अदृश्य आकार) मोठे करत बसतात. ट्रिगर दाबताच नळीच्या टोकापासून रेकास्ट, म्हणजे एक अदृश्य सरळ किरण, टाका. किरण फुग्याला लागला की फुगा गेला. तेवढ्या अंतरात छऱ्याचा प्रवास डोळ्याला दिसतच नाही.

खऱ्या स्टॉलवरच्या बंदुकीचा नेम मुद्दाम वाकडा असतो हे जत्रेत पैसे घालवलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तुम्ही उलट करा. किरण फुग्याच्या जवळून, दोन-तीन अंशांच्या आत गेला तर तो गुपचूप फुग्याकडे वळवा. खेळणाऱ्याला पत्ता लागत नाही, त्याला वाटतं आपला नेमच चांगला. परीक्षकांनाही तसंच वाटतं.

ट्रिगर ओढला की कंट्रोलरला छोटा, जोरकस धक्का, सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. त्याच फ्रेमला आवाज. नळी दृश्यात किंचित मागे जाऊन परत यावी, पण फक्त बंदुकीचं मॉडेल, कॅमेरा नाही. फुगा फुटताना त्याचे चार-पाच रबरी तुकडे उडवा आणि अर्ध्या सेकंदात काढून टाका. या चिमूटभर गोष्टींवर तीन-चार तास घालवा. दुसरी लेव्हल करण्यापेक्षा हे तास जास्त कामाला येतील, कारण खेळणारा ही एकच कृती सतत करणार आहे.

कट्ट्याची उंची हा विसरला जाणारा भाग. युनिटीत एक युनिट म्हणजे एक मीटर, तेव्हा ब्लेंडरमध्ये मापं खरी ठेवा, नाहीतर हेडसेट घातल्यावर बंदूक तोफेएवढी निघते. ट्रॅकिंग ओरिजिन (उंची कुठून मोजायची ते) 'फ्लोअर'वर ठेवा. पण खेळायला सहा फुटी दादाही येणार आणि कुणाची शाळेतली बहीणही. गेम सुरू होताना डोक्याची उंची एकदा मोजा आणि कट्टा त्याच्या साधारण ०.६ पट उंचीवर आणा, फळीही त्याच मानाने वर-खाली करा. यामुळे खुर्चीवर बसून खेळणाऱ्याचीही सोय होते.

मग जत्रा कुठे गेली? ती मागे आहे. रात्र दाखवा. काळं आकाश फुकट मिळतं आणि रात्रीची जत्रा दिवसापेक्षा देखणी असते. तुमचा आकाशपाळणा लांबवर, दिव्यांचं फिरतं वर्तुळ म्हणून ठेवा. तिथे तो शोभतो आणि कुणाला गरगरत नाही. माणसं म्हणजे सात-आठ मीटरपलीकडच्या सपाट काळ्या आकृत्या. एवढ्या अंतरावर अंधारात सपाटपणा चटकन लक्षात येत नाही, जवळ आणलंत तर पुठ्ठा लगेच कळतो. रिअलटाइम दिवे एकही नको. प्रकाश बेक करा (आधीच हिशेब करून टेक्स्चरमध्ये साठवून ठेवा), बल्ब म्हणजे नुसता अनलिट, प्रकाशाचा परिणाम न होणारा पिवळा रंग. ब्लूमसारखे (दिव्याभोवती तेज दाखवणारे) पोस्ट प्रोसेसिंगचे, म्हणजे तयार चित्रावर पुन्हा हात फिरवायचे प्रकार क्वेस्टवर महागात पडतात, त्यापेक्षा बल्बभोवती धूसर चकतीचं टेक्स्चर लावा. धूर आणि धुरळा नकोच, एकावर एक पारदर्शक थर आले की फ्रेमरेट बसला. ड्रॉ कॉल (एका फ्रेमसाठी चिपला दिलेल्या 'हे काढ' अशा आज्ञा) दोनशेच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. सिंगल पास रेंडरिंग (दोन्ही डोळ्यांची चित्रं एकाच फेरीत काढणं) चालू आहे ना, आणि एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सोय) चारवर आहे ना, हे पहिल्याच तासात बघून घ्या.

जत्रेचं निम्मं काम आवाज करतो, आणि तुमच्याकडे आवाजाचा माणूस आहे. बहुतेक टीमकडे नसतो. संक्रांतीला गड्डा भरतो, जॅम त्यानंतर. जॅमचे नियम आधीचं रेकॉर्डिंग चालू देत असतील तर फोन घेऊन एक संध्याकाळ मैदानावर काढा: पाळण्याच्या मोटरची घरघर, भोंग्यांचे, पिपाण्यांचे आवाज, छऱ्याचा टप्प. बाहेरच्या कर्ण्यावरची सिनेगीतं मात्र घेऊ नका, कॉपीराइटचा ताप होतो. युनिटीत ऑडिओ सोर्सचं स्पेशिअल ब्लेंड (आवाज कुठल्या दिशेने येतो ते ठरवणारं) मुळात शून्यावर, म्हणजे टूडी असतं. ते एकवर न्या, नाहीतर पाळणा डोक्याच्या आत फिरतो. आणि एक युक्ती: खेळणाऱ्याने जिकडे बघावं असं वाटतं तिकडून आवाज द्या. डावीकडच्या कोपऱ्यात नवा फुगा फुगतानाचा फुस्स आवाज आला की मान आपोआप वळते, बाण दाखवावा लागत नाही.

पाट्या मराठीत हव्यात, हे मी सांगायला नको. पण युनिटीच्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या भागात देवनागरी टाईप करून बघा: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं मोडतात. तो अक्षरांची जुळणी करतच नाही, फॉन्ट बदलून उपयोग होत नाही. ठरलेल्या पाट्या इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा आणि पीएनजी करून लावा. जत्रेतल्या रंगवलेल्या पाट्यांना तेच शोभतं. गुण दाखवायचे आकडे मात्र टेक्स्टमेशप्रोमध्ये देवनागरीत नीट येतात, कारण त्यांना जुळणी लागत नाही. गोडो ४ या दुसऱ्या इंजिनात ही अडचण नाही, मजकुराची जुळणी त्याच्या आतच होते आणि हेडसेटशी जोडणारं ओपनएक्सआरही मूळ इंजिनातच आहे. तरी तुम्हाला युनिटी येतंय तर युनिटीच वापरा. जॅम ही नवं इंजिन शिकायची जागा नव्हे.

आता हेडसेटबद्दल. तुमच्याकडे ४८ तास आहेत असं तुम्हाला वाटतंय. खरं तर तुमच्याकडे एका हेडसेटचे ४८ तास आहेत, त्यातून बिल्डचे (गेमची चालवता येणारी फाईल बनवण्याचे), चार्जिंगचे आणि झोपेचे वजा करा. टीम कशी चालवायची हे त्यावरूनच ठरतं.

उसना हेडसेट असेल तर जॅमच्या आदल्या आठवड्यात मालकाला भेटा, कारण डेव्हलपर मोड त्याच्याच खात्यावरून, त्याच्या फोनवरच्या ॲपमधून चालू होतो आणि त्याआधी त्या खात्याला डेव्हलपर म्हणून नोंदणी करून पडताळणी लागते. तो माणूस जॅमच्या शनिवारी अक्कलकोटला देवदर्शनाला गेला तर तुम्ही बसलात. केबल जोडल्यावर हेडसेटच्या आत 'यूएसबी डीबगिंगला परवानगी द्या' असं विचारतो, तेही दोन्ही लॅपटॉपना त्याच दिवशी देऊन टाका. युनिटी, अँड्रॉइड बिल्ड सपोर्ट, एक्सआर इंटरॅक्शन टूलकिट, सगळं घरीच डाउनलोड करा. हॉलच्या वायफायवर अनेक जीबी ओढत बसू नका. आणि एक रिकामा सीन, त्यात एक ठोकळा, एवढ्याचा एपीके (हेडसेटवर चढवायची गेमची फाईल) दोन्ही लॅपटॉपवरून हेडसेटमध्ये चालवून बघा. अँड्रॉइडचा पहिला बिल्ड फार वेळ खातो, पुढचे लवकर होतात. तो पहिला वेळ घरचा जाऊ दे.

इथेच एक खड्डा आहे. प्रत्येक लॅपटॉपची डीबग सही वेगळी असते. एकाने टाकलेल्या गेमवर दुसऱ्याने आपला एपीके चढवायला गेलं की इन्स्टॉल फसतं, आणि कारण सांगणारी ओळ कुणी वाचत नाही. एक कीस्टोअर (सहीची फाईल) बनवून दोन्हीकडे ठेवा, किंवा ठरवून टाका की एपीके एकाच लॅपटॉपवरून निघणार.

ग्राफिक्स कार्डवाल्या लॅपटॉपला लिंक केबलने हेडसेट जोडला की प्ले दाबून थेट बघता येतं, कार्ड लिंकला चालणारं आहे ना हे आधी तपासा. तो लॅपटॉप बंदुकीवर काम करणाऱ्याचा. दुसऱ्याने टूलकिटमधला डिव्हाइस सिम्युलेटर वापरून माऊस-कीबोर्डवर फुगे, गुण, वेळ, सुरुवात-शेवट हे उरकायचं. त्याला तासातून एकदा दहा मिनिटं हेडसेट मिळेल. आवाजवाल्याकडे हेडसेटची वही द्या: कुणाची पाळी, काय तपासायचं, काय दिसलं. लिंकवर मात्र विसंबून राहू नका. लिंकवर चित्र लॅपटॉपचं कार्ड काढतं, गेम चालणार आहे हेडसेटमधल्या चिपवर. दर चार-पाच तासांनी खरा एपीके करून बघाच.

हेडसेट काढला की झोपतो. भिंगांच्या मधला सेन्सर कपाळ शोधत असतो, त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला की टेबलावरही जागा राहतो. घालणारा बदलला की भिंगांमधलं अंतरही बदला, क्वेस्ट २ ला ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीन खाचा आहेत. "धूसर दिसतंय" या तक्रारीचं कारण बऱ्याचदा हेच असतं, टेक्स्चर नव्हे. सोलापूरच्या उन्हात खिडकीशी भिंगं वर करून हेडसेट ठेवू नका. जानेवारी असली तरी ऊन भिंगातून आत एकवटतं आणि पडद्यावर कायमचा डाग पडतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी जॅमला उत्तम, नासत नाही आणि पोट भरतं, पण चटणीचे तेलकट हात भिंगाला लावू नका. लागलेच तर कोरडं मऊ कापड, सॅनिटायझर नाही. कंट्रोलरला पेन्सिल सेल लागतात, चार जास्तीचे ठेवा.

गिट (फाईलींमधले बदल जपणारं आणि जोडणारं साधन) वापरा आणि मुख्य सीन फाईल एकाच्याच ताब्यात ठेवा. बंदूक, फळी, स्टॉल, सगळं वेगवेगळे प्रीफॅब (स्वतंत्र फाईलीत ठेवलेले तुकडे), ज्याचं त्याने आपलं उघडायचं. दोघांनी एकच सीन सेव्ह केला की मर्ज करताना, म्हणजे दोघांचे बदल एकत्र जोडताना, जो गोंधळ होतो तो पहाटे तीनला निस्तरता येत नाही.

पहिल्या रात्री झोपायच्या आधी हेडसेटमध्ये राखाडी बंदुकीने राखाडी गोळा फुटला पाहिजे. आवाज तोंडाने काढलेला चालेल. ते झालं नसेल तर फुग्यांची संख्या, लेव्हल, स्टॉलवाला, जे दिसेल ते कापा. शनिवारी दुपारी शेजारच्या टीममधल्या, व्हीआर कधी न घातलेल्या कुणालातरी हेडसेट द्या आणि एक शब्द बोलू नका. कास्टिंग लॅपटॉपवर लावा, तो काय बघतोय ते चौघांनी बघा. तो कुठे हात घालतो, काय दाबतो, कुठे अडतो ते वहीत लिहा. "अरे ट्रिगर दाब" असं सांगावंसं वाटलं तर तिथे पाटी हवी आहे. आजूबाजूचे बाक आधी सरकवा आणि कंट्रोलरचा पट्टा मनगटात घालायला लावा.

शेवटचे सहा तास नवीन काही नाही. परीक्षकांकडे हेडसेट असेलच असं धरू नका, बरेच जण तुमचा व्हिडिओच बघतील. रेकॉर्डिंग ज्याची मान सगळ्यात स्थिर राहते त्याच्याकडून करून घ्या, कारण आतून सहज वाटणारी मानेची हालचाल पडद्यावर भूकंपासारखी दिसते. मिनिटभराचा व्हिडिओ, पहिल्या पाच सेकंदांत फुगा फुटलेला. हेडसेट घातलेल्या माणसाचा बाहेरून घेतलेला एखादा शॉट मध्ये टाका, हात काय करतात ते त्यात कळतं. एपीके अपलोड झाल्यावर तोच परत डाउनलोड करा, हेडसेटमधला जुना गेम काढून टाका, नवा चढवून एकदा खेळा. वेळ संपायच्या दोन तास आधी हे झालेलं असू दे, कारण शेवटच्या अर्ध्या तासात सगळा हॉल एकाच वायफायवर अपलोड करत असतो.